धुराची वाट

बोर्लेंगेच्या लोकांनी गाडीचा तळ छान खाली केला,
अकरा सेंटिमीटर, चाकांची खुर्ची सरळ आत जाईल असा.
मागचा आडवा दांडाही वाकवून दिला.
फक्त धूर कुठून जाणार
हे कोणी विचारलं नाही.
जुना पाइप त्यांनी कापून
डिकीत ठेवला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून,
मासा देतात तसा.

साब नऊशे. हिरवी. माझ्याहून लहान,
पण गुडघे माझ्यासारखेच.

मालुंगमध्ये फेब्रुवारी, बाहेर उणे बावीस.
दार उघडलं की आधी थंडी आत येते, मग गिऱ्हाईक.
इंगेयेर्ड उंबऱ्यातूनच म्हणाली,
"आवाज तोच राहू दे. बाकी तुझं तू बघ."
तिच्या पुढ्यात, खुर्चीत, राग्नवाल्ड.
पक्षाघातानंतर त्याच्याकडे एकच शब्द उरलाय, "जाहा",
म्हणजे असं होय,
आणि तो सगळीकडे पुरतो.

लिबानने कपड्यांच्या हँगरची तार आणली,
वाकवली, खालून धरून बघितली, परत वाकवली.
इथे ब्रेकची नळी.
इथे पेट्रोलची, तिच्यापासून वीतभर लांब.
इथे टाकी. इथे खड्डा आला की वर उसळणारं लोखंड.
सगळ्यांचे हक्क आधीचे,
आम्ही शेवटी आलेलो,
भाऊबंदांत वाट मागावी तसे
कोपऱ्याकोपऱ्याला थांबत, अंग चोरत निघालो.

सरळ पाइपला अक्कल लागत नाही.
वळणाला पाचरी कापायच्या,
कलिंगडाच्या फोडींसारख्या, एकेक नऊ अंशांची,
दहा जुळल्या की काटकोन.
लिबान नुसते टाके घालतो, शिवण मी नंतर मारते.
पाइपच्या पोटात आरगॉन सोडलेला,
नाहीतर शिवण आतून साखरेसारखी करपते
आणि बाहेरून कोणाला कळत नाही.

तोंड मागे काढता येईना. मागे रॅम्प,
आणि रॅम्प उतरवून इंजिन चालू ठेवलं
तर पहिला घोट खुर्चीतल्या माणसाला.
उजवीकडे फुटपाथ.
म्हणून डावीकडे, मागच्या चाकाच्या जरा अलीकडे.

तिसऱ्या दिवशी सुरू केली.
आवाज जवळजवळ तोच.
इंगेयेर्डने मान हलवली, बहुधा माझं मन राखायला.
मग राग्नवाल्डला चढवलं, पट्टे बांधले,
मी पाय दाबत गेले. दोन हजार. अडीच.
त्याने डावा हात उचलला
आणि खुर्चीच्या कड्यावर दोन बोटं वाजवली.
"जाहा."
सोडलं. पुन्हा दाबलं.
पुन्हा अडीचलाच, दोन बोटं.
मला काही ऐकू येत नव्हतं.
लिबानलाही नाही, आणि त्याचे कान एकोणीस वर्षांचे.
"तो कानाने ऐकतच नाही," इंगेयेर्ड म्हणाली,
"बर्फावरच्या शर्यतीतसुद्धा ढुंगणाने चालवायचा."

गाडी वर घेतली, बॅटरी मारली.
नव्या तळाच्या काठाशी, दुसऱ्या लटकणीपाशी
पाइपवर नखाएवढी चकाकी.
तापून लांबला की तेवढ्यापुरता टेकत होता.
मी बोटभर जागा सोडली होती, पण गार असताना.
गार असताना सगळेच अंतर राखून असतात.

शिवण कापली. लटकणी सरकवली.
अजून एक पाचर, कागदासारखी बारीक.

मग सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी
तीन मिलिमीटरचं भोक पाडलं.
लिबान बघतच राहिला: तीन दिवस गळू नये म्हणून मेलो,
आणि आता भोक?
म्हटलं, धुरात पाणी असतं.
त्याला वाट नसली तर रात्री गोठतं
आणि पत्रा फाडतं.

ते गेले. रस्ता नदीकडे उतरतो तिथवर ऐकत राहिलो.
उतारावर गरज नसताना तिने एकदा अडीचला नेली.
गाडी उभी होती तिथे बर्फात
काळपट थेंबांचा एक खळगा.

बिलात एकतीस पाचरी लावल्या.
बत्तिसावी लावली नाही,
ते माप त्याचं होतं.