हलवून बळकट

मिसेस थेरियो मंगळवारी आणि गुरुवारी येते,
उरलेले दिवस नदीपलीकडच्या शाळेला.
दोन्हीकडे मिळून चारशे अकरा पोरं
आणि समुपदेशक ती एकटी.
तिची खोली म्हणजे पूर्वीची माझी झाडूंची खोली.
बॉयलरला लागून, म्हणून उबदार.
फिनेलचा वास अजून गेलेला नाही.
पोरांना तो आवडतो, असं ती म्हणते.
मला काही खरं वाटत नाही.

संध्याकाळी मी ती झाडतो.
खडूंचे तुकडे (काळा सगळ्यांत आधी संपतो),
दार नसलेलं मातीचं एक घर,
टिश्यूचा रिकामा खोका.
कोण काय बोललं ते कचऱ्यात येत नाही.
ते ती घरी नेत असावी.
गाडीत बसून दहा मिनिटं काच पुसते,
बर्फ नसलेल्या दिवशीही.

नोव्हेंबरात माझ्याकडे आली. म्हणाली,
गॅलन, एखादं काम आहे का,
रोजचं, लहानसं, खरं वाटेल असं,
आणि नाही झालं तरी चालेल असं?
मी म्हटलं, माझी निम्मी कामं तसलीच आहेत.
ती हसली नाही.
म्हणाली, एमेटसाठी हवंय.

एमेट. इयत्ता दुसरी. सप्टेंबरपासून गप्प.
कागदाची गिरणी बंद पडली,
बाप पश्चिमेला गेला, तेलाच्या विहिरींवर.
आधी फोन यायचे.
वर्गाच्या बाईंनी तीनदा विचारलं, मुख्याध्यापकांनी एकदा.
थेरियोनं विचारलंच नाही म्हणे.
बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन
ती त्याच्यासोबत ठोकळे रचत राहिली,
आठ गुरुवार.

मी त्याला पेचकस दिला.
आमच्या कॉरिडॉरमध्ये कोटांच्या ब्याण्णव खुंट्या आहेत,
त्याच्या खांद्याच्या उंचीवर.
घंटेआधी एकेक हलवून बघायची,
सैल असेल ती पिळायची.
पहिला आठवडाभर एकही सैल निघाली नाही.
शुक्रवारी त्यानं पेचकस परत केला, खाली बघत.

त्या रात्री दिवे मालवून झाल्यावर
मी एक सैल केली.
एकोणतीस वर्षं ही शाळा घट्ट करत आलोय,
उलटं फिरवायला मनगट तयार होईना.
मग रोज एक.
कधी तिसरीच्या दाराशी, कधी पार टोकाला.
सकाळी लांबून ऐकायचो:
टक, टक, टक, आणि मग थांबलेला हात.

फेब्रुवारीत, हिमवादळाची सुटी संपली त्या दिवशी,
तो जवळ आला. मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला,
"रात्री कुणीतरी सैल करतं."
मी बादलीत बघत राहिलो.
"मी नाही सांगणार कुणाला."
आणि जाता जाता,
"पण रोज नको. दमेल तो."

थेरियोला सांगितलं.
तिनं वहीत काही लिहिलं नाही.
टिश्यू संपले होते, बाहीनंच नाक पुसलं.

एप्रिलमध्ये आई त्याला बँगोरला घेऊन गेली, मावशीकडे.
पेचकस त्यानं माझ्या टेबलावर ठेवला होता,
मूठ माझ्याकडे करून.

काल रात्री, उगाच,
ब्याण्णवच्या ब्याण्णव मी स्वतः हलवून पाहिल्या.
सदुसष्टावी सैल होती.
मी केलेली नव्हती.

पेचकस खिशातच होता.
तशीच ठेवली.
आज गुरुवार,
पहिलीतली एक नवी पोरगी येणार आहे म्हणे,
कोट काढायलाच तयार नसलेली.