टॅक्सी कंपनीचा माइक

कुठला अ‍ॅम्प, कुठली ट्यूब, विचारत सुटलास.
डेशॉन, आधी बस. तापू दे त्याला.
दोन-तीन मिनिटं घेतो,
माझ्या गुडघ्यांसारखा.

हा माइक टॅक्सी कंपनीच्या टेबलावरचा,
लिलावात चार डॉलरला मिळाला, चीर पडलेला.
ह्यात तोंड घालून क्रेब्स पत्ते सांगायचा
साऱ्या ईस्ट सेंट लुईसचे,
आमची गल्ली सोडून.
बर्निसच्या वेळी आई दवाखान्यात चालत गेली.
फेब्रुवारीत.

आता तोच माझ्या मुठीत,
माउथ ऑर्गनसकट, फट न ठेवता.
फुंकायचं कमी, पोरा, ओढायचं जास्त.
चौथं भोक ओढलं की सूर वाकतो
नि स्पीकर घोगरा बोलतो,
क्रेब्सला पडसं झाल्यासारखा.

मालक म्हणतो, वाढव,
मागच्या टेबलांना ऐकू येत नाही.
मागची टेबलं पत्ते खेळतायत.
खेळू देत.
मोठा नकोच मला आवाज,
जवळचा हवा,
कानाशी कुणी श्वास घेतल्यासारखा.

दर शनिवारी, तिसऱ्या गाण्यानंतर,
आमच्या घराचा नंबर वाजवतो मी ह्यात.
चार सूर. कुणाला कळत नाही.
अजून एकही गाडी आलेली नाही.

तापला बघ. लाव हात.