काठीचा वाक

मॅकआस्किल आला तेव्हा दाराशी मेंढ्या होत्या.
ब्रोराला त्या मैदानावरच चरतात,
हिरवळींभोवतीची वीजतार सोडली
तर बाकी सगळं गवत त्यांचंच.
बुटाच्या खिळ्यांतली लेंडी त्यानं पायरीवर खरवडली
आणि आत येता येता म्हणाला,
"ऊना, दांडे बदलायचेत. एक्स्ट्रा स्टिफ घाल.
मी कायम कडकच वापरलेत."

कायम म्हणजे कधीपासून, मी विचारलं नाही.
स्विंगचा जो वेग तो सांगत होता
तो एकोणनव्वद सालचा होता,
डिस्टिलरीत पिंपं लोटायचा तेव्हाचा,
उजवा खांदा अजून त्याच्या मालकीचा होता तेव्हाचा.

माझ्या धंद्यात माणसं वजन खरं सांगतात,
वय सांगतात, बायको सोडून गेली तेही सांगतात.
वेग मात्र कुणी खरा सांगत नाही.

मी वाद घातला नाही.
पाच दांडे काढले,
सात नंबरच्या एकाच डोक्याला आळीपाळीनं बसणारे,
आणि प्रत्येकावरचं अक्षर
काळ्या चिकटपट्टीनं झाकलं.
"मार," म्हटलं. "वाचू नकोस."

मागचं शटर वर केलं. समोर समुद्र, आडवा वारा.
पहिल्यानं चेंडू उजवीकडे गेला, खालून, कण्हत.
दुसऱ्यानं तसाच. तिसऱ्याची गोष्टच नको.
मी चेंडूकडे बघत नव्हते. मी बघत होते
तो वरून खाली वळतो ती जागा :
तिथे क्षणभर हात पुढे निघालेले असतात
आणि डोकं मागे राहिलेलं,
मधला दांडा त्या दोघांची समजूत घालत असतो.
फार कडक असला तर ऐकूनच घेत नाही,
फार मऊ असला तर दोघांनाही हो म्हणतो.

चौथ्याला आवाज बदलला,
सुकं लाकूड एका घावात फुटतं तसा.
चेंडू उठला, वाऱ्यावर रेलला,
तारेपलीकडे गेला.
एका मेंढीनं मान वर करून पाहिलं, तेवढंच.

तो काही बोलला नाही. पुन्हा मारला. पुन्हा.
मग स्वतःच नखानं पट्टी सोलली.

खाली लिहिलं होतं : सीनिअर. साठ ग्रॅम.

मोडेन पण वाकणार नाही,
हे भिंतीवर लिहायला बरं असतं.
तेवीस वर्षं मी मोडलेले दांडे बघतेय
(बहुतेक डिकीच्या झाकणात सापडलेले,
पण ते असो).
वाकणं हेच त्याचं काम. प्रश्न फक्त वेळेचा,
चेंडूपाशी पोचताना सरळ झालेला असला म्हणजे झालं.
हे मी त्याला बोलले नाही.
समुद्राकडे बघणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

"अक्षरं खरवडता येतात का गं?"
त्यानं विचारलं, दांडा हातात फिरवत.
"रविवारी टॉर्क्विलला दिसायला नकोत."

येतात. बारीक पॉलिशपेपर, थोडा काळा रंग.
मी गळे तापवून नऊ डोकी उपटली,
जुना गोंद जाळला, नवा भरला,
काठ्या रात्रभर भिंतीला टेकवून ठेवल्या.
जुने दांडे तो घेऊन गेला, भंगारात टाकते म्हटलं तरी,
वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत धरून,
तापलेल्या पोराला दवाखान्यातून नेतात तसे.

जूनमध्ये त्याच्या घरावरून गेले.
परसात नऊ पोलादी दांडे ओळीनं रोवलेले,
एकावर रबरी मूठ अजून तशीच,
आणि त्यांना धरून वाटाण्याचे वेल
कमरेएवढे चढले होते.
वारा होता, इथे तो असतोच.
वेल हलत होते, शेंगा हलत होत्या,
दांडे तसूभरही नाही.

आत रेडिओ चालू होता.
मी हाक मारली नाही.