आतली रुंदी

ओज्बेय, टायर त्या बाकावर ठेव आणि आधी हात पूस.
दोन पॉइंट आठ. असं लिहिलंय खरं.
लिहिणाऱ्याचं काय जातं?
टायरला स्वतःची रुंदी ठाऊक नसते.
रिमवर बसून हवा भरेपर्यंत
ते नुसतं घडी पडलेलं रबर,
पोस्टाच्या खोक्यातून आलेलं, डांबरासारखा वास मारणारं.

तुला रिम हवी पंचेचाळीसची.
का, ते सांगत नाहीस.
ताकाला आलायस आणि भांडं पाठीमागे.
ग्रात्सचा कुणी पोरगा तीच वापरतो, हो ना,
आणि तुझ्याआधी आठ सेकंद खाली पोचतो.

हा व्हर्नियर माझ्या बापाचा.
मेझित्साच्या खाणीत पंप दुरुस्त करायचा तो.
शिसं संपलं, खाण मिटली, व्हर्नियर घरी आला.
याचे जबडे रिमला बाहेरून लावायचे नाहीत.
बाहेरची रुंदी मिरवायची.
ओठांच्या आत, इथे, टायरची कड जिथे टेकते,
तिथे मोजायचं.

हे तिसाचं चाक.
यावर तुझा टायर बल्बसारखा फुगेल,
वर गोल, खाली चिमटलेला.
सरळ रस्त्यावर गुणी बाळ. वळणावर मात्र
चाक एकीकडे, तू दुसरीकडे,
आणि मधलं रबर दोघांची समजूत काढत डुलतंय.
हवा कमी केलीस की कडेतून फुस्स,
सीलंटचे पांढरे थेंब पोटरीवर.
मग तू हवा वाढवणार, आणि प्रत्येक मुळावर उडणार.
मग एवढा जाड टायर घेतला कशाला?

आणि हे पंचेचाळीस.
यावर तो चौकोनी बसतो, डब्यात पाव बसतो तसा.
कडेच्या दाढा वर येतात, चावायला उतावळ्या.
छान वाटतं. पहिल्या दिवशी फार छान वाटतं.
पण बगला उघड्या पडतात,
आणि पेत्साच्या उतरणीवरचा चुनखडक
बगलाच शोधत असतो.

गेल्या सप्टेंबरात द्रागीत्साला मीच बांधून दिलं होतं.
ती म्हणाली रुंद हवं, मी म्हटलं घे.
कुठे चालवतेस, वजन किती, हवा किती ठेवतेस,
एक अक्षर विचारलं नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
मी पाय न पाहताच अंथरूण पसरलं.
नऊ किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन उतरली ती.
रात्री माझ्या दाराशी चाक टेकवून गेली,
बेल न वाजवता.
टायरच्या बगलेत बोटभर चीर, कात्रीने कापल्यासारखी.
ते बघ, खिळ्यावर.
नाही, ते विकायचं नाही.

तर. वजन?
हेल्मेट, पाणी, बूट, सगळं धरून.
त्रेसष्ट?
खरं सांग.
बरं, सदुसष्ट.

पस्तीस बांधू.
तोंड पाडू नकोस, पस्तीस म्हणजे माघार नव्हे.
एक पॉइंट दोन बारने सुरू कर,
दर फेरीला जराशी सोड,
रिम दगडावर टणकन वाजली की चार पंप परत मार.
तो आकडा लिहून ठेव. तो तुझा, ग्रात्सचा नाही.
त्या आठ सेकंदांचं मात्र माझ्याकडे काही नाही.
मी स्पोक ताणते, बाकी तू.

बत्तीस स्पोक. आउट काढायला उद्याची सकाळ जाईल.
तोवर रिकामा उभा राहू नकोस,
ती नवी रिम घे, कागद फाड, तूच मोज.
आतून. अजून आत. जबडा तिरका धरलायस.
हं. वाच.

चौतीस पॉइंट सहा?
आणि स्टिकरवर काय लिहिलंय?

हसतोस काय.
निप्पलची डबी दे इकडे.