एकतीस घरांची यादी

यादी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत,
शर्टावर रेनकोट,
तरी जेटीवर पोचेतो शाई पसरलीच.
मौजे मिठजुवा. घरं एकतीस.
तांदूळ, तूरडाळ, मेणबत्त्या, क्लोरीनच्या गोळ्या,
ताडपत्र्या दोन,
आणि वीस वीस लिटरचे पाण्याचे कॅन.

मी औशाकडचा. तलाठी म्हणून इथं पहिलं वर्ष.
आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा
आई मला अभ्यासावरून उठवून रांगेत उभं करायची.
आणि आता खाली पाणी, वर पाणी,
मी पाण्यातून पाणी घेऊन निघालोय.
हे दाऊद होडेकरला सांगितलं.
तो हसला नाही.
"बावीत खाडी शिरली हा," म्हणाला,
आणि दोरी सोडली.

खाडीच्या मध्यावर त्यानं इंजिन बंद केलं.
समोरून मुळासकट पोफळ आली,
मग एक निळं पिंप, मग कुणाच्या तरी गोठ्याचं दार.
धारांपलीकडे काहीच दिसेना.
"डोळ्यांनी नाय, आता कानांनी बघूचा," दाऊद म्हणाला.
मी फळीला धरून बसलो. मला पोहता येत नाही,
हे मी अर्जात लिहिलं नव्हतं.

पाखाडीच्या तीन पायऱ्या बुडालेल्या.
चौथीवर लीलावती कोयंडे,
डोक्यावर युरियाच्या पिशवीची खोळ,
कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा.
"माणसं किती?"
"सात."
"यादीत घरं एकतीस आहेत."
"घरा एकतीसच आसत. बाकीचे गणपतीक येतत."

सात जणांपुरते तांदूळ तिनं उतरवून घेतले,
सासऱ्याच्या साखरेच्या गोळ्या पदरात बांधल्या,
मग विचारलं, "ताडपत्री किती हाडल्यात?"
"दोन."
"दोनच?"
माझ्याकडे बघितलं तिनं,
जसं आम्ही बघायचो
अर्धा रिकामा टँकर घेऊन आलेल्या ड्रायव्हरकडे.

मग म्हणाली, चला, बघा तरी.

कुलूप उघडलं. हे परळचं घर.
अंधारात एक बादली, एक टोप, एक घमेलं,
तिन्ही भरत आलेली, तिघांचा आवाज वेगळा.
हे विरारचं. कॅलेंडर अजून एका जुन्या जूनमध्ये अडकलेलं,
खाली पितळी हंडा.
हे दुबईचं, इथं बाळाचं न्हाणीटब.
"आणि हो खय गेलो ता कोणाक म्हायत नाय,"
म्हणत तिनं त्याच्याही घरातली परात
दारातून बाहेर ओतली,
परत जागेवर ठेवली, थेंबाखाली नेमकी.

मला म्हणाली, ती बादली घ्या.
मी घेतली. काठोकाठ. पावसाचं, गोडं.
उंबऱ्यापर्यंत आणली आणि हात चालेना.
भरलेली बादली
मी जन्मात कधी फेकली नव्हती.
"ओता ओ, सात जणांका किती पुरूचा? घरात आमची पिंपा भरली हत."
ओतली.
आवाजसुद्धा आला नाही,
पाण्यात पाणी गेलं.

पुढं आम्ही न बोलता घरं केली.
नवव्या की दहाव्या घरात
माझे सरकारी बूट काढून मी पडवीत ठेवले.

निघताना सात सह्या झाल्या.
चोवीस रकाने कोरे. शेरा लिहायची जागा
बोटाएवढी. काय लिहू?
कुलूपबंद? गळतं? राखण आहे?
पेन ओलं झालं म्हणून काहीच उमटलं नाही,
असं वरती सांगता येईल.

"सेल आसत?" तिनं विचारलं. "रातचा पण फिरूचा लागता."
यादीत सेल नव्हते.
मी माझ्या टॉर्चमधले काढून दिले.

भरती फिरेपर्यंत दाऊदनं होडी धरून ठेवली.
काळोख पडला तेव्हा सुटलो.
मागं वळून बघितलं:
जुव्यावर एक खिडकी उजळली, विझली.
मग शेजारची.
मग त्याच्या वरची.
कुणी परक्यानं पाहिलं असतं तर म्हणाला असता,
गाव जेवायला बसलंय.

मी मोजत होतो.
एकोणिसावर होडी वळली.