पाठ

आमच्या गावात छपरांवर पाट्याच असतात.
डोंगर फोडून, तासून, एकीवर एक चढवलेल्या,
एरवी करड्या, पावसात काळ्या.
त्यांच्यावर लिहीत मात्र कुणी नाही.

कूम ग्लासच्या वाचनालयात मी दिवे लावतो, विझवतो,
गरम पाण्याच्या नळ्या कुरकुरल्या की थापटतो.
नोव्हेंबरात सांगितलं, भिंती रिकाम्या कर,
मुलांची पोस्टरं येणार.
विषय: तुमचे हक्क. आकार ठरलेला.
शुक्रवारी चारच्या आत.

आली. एकशे चाळीस आली.
बहुतेकांत पृथ्वी, तिच्याभोवती हात धरलेली पोरं,
पृथ्वीला हसरं तोंड.
मी अठरा वर्षं खाणीत होतो,
मी तिचं तोंड आतून पाहिलंय.
इओलोनं कुत्र्याचे हक्क काढले, विषयच चुकला,
पण कुत्रा असा की नजर हटेना.
तेगविननं काळ्या कागदावर काळ्याच खडूनं दार काढलं
आणि खाली लिहिलं: ठोठावून या.
याला पहिलं द्यावं, मला वाटलं.
मला कोण विचारतं.

मेलेरीचं आलं शनिवारी.
कॅलेंडरच्या पानामागं, चार घड्या पडलेलं.
एक मुलगी गवतात उताणी पडलीय.
काही करत नाही.
हातात काही नाही, शेजारी कुणी नाही.
गवत आणि आभाळ एकाच खडूनं रंगवलेलं;
आमच्या जुन्या भाषेत दोघांच्या रंगाला
शब्दही एकच होता.
डावा कोपरा कोरा.
नियमात बसत नव्हतं. मी घेतलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती पुन्हा दारात,
पिशवीतून पाव डोकावतोय, केस ओले.
"पोस्टर परत हवंय."
म्हटलं, अगं, परीक्षक गुरुवारी येणार.
"पुढची बाजू राहू दे तुमच्याकडं.
मला पाठची पाहिजे."

उलटलं.
सप्टेंबरच्या चौकोनांत बारीक, सरळ अक्षर:
सकाळी पांढऱ्या दोन. जेवल्यावर गुलाबी.
गुरुवारी सुई, नर्स नाही आली तर फोन.
आई रडायला लागली तर खिडकी उघडायची, बोलायचं नाही.
रात्री अर्धी निळी. जाग आली तर उरलेली अर्धी.
आणि एकोणीस तारखेला नुसतंच: मी अकरा.

"तसं पाठ आहे मला," ती म्हणाली,
"पण रात्री कधी कधी घोटाळा होतो."

माझ्या बापाला चौदाव्या वर्षी खाणीत धाडलं.
तो म्हणायचा, मला कुणी ढकललं नाही,
घरात दुसरं होतं कोण.
हे वाक्य मी किती जणांना
छाती फुगवून सांगत आलो.

कपाटातून पुस्तकांच्या नोंदीची जुनी कार्डं काढली,
एकेक ओळ उतरवत गेलो.
ती खांद्याशी उभी, मास्तरणीसारखी:
"गुलाबी जेवल्यावर. तुम्ही आधी लिहिलंत."
खोडलं. पुन्हा लिहिलं.
एकोणिसाव्या तारखेवर पेन टेकवलं
तर म्हणाली, "ते नको. ते झालं."
कार्डं पावाखाली सरकवली आणि गेली.
घड्याळाकडं बघत गेली.

आधी मनात आलं, दोरीनं दिव्याखाली टांगावं,
दाराच्या वाऱ्यानं फिरत राहील,
दोन्ही बाजू दिसतील लोकांना.
मग ते बारीक अक्षर आठवलं.
भिंतीलाच लावलं. पाठ भिंतीकडं.
चारी कोपरे अंगठ्यानं नीट दाबले.

गुरुवारी श्रीमती प्रोबर्ट थांबल्या त्यापुढं,
चष्मा वर-खाली केला.
"निवांत आहे. पण यात हक्क कुठला?
आणि हा कोपरा राहिलाच की."
म्हटलं, वेळ नव्हता.
कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही;
मी सांगितलं नाही.

पहिलं बक्षीस पृथ्वीला. हसऱ्या.
कुत्र्याला उत्तेजनार्थ.

रात्री कुलूप घालायच्या आधी
मी एकेक दिवा विझवत जातो.
तिच्या भिंतीवरचा शेवटी.
गवतातली मुलगी तशीच पडलेली असते.
मी पाय न वाजवता जातो.