वायव्येकडून, सहा ते सात

वूचहून आलो आम्ही रात्रभर गाडीत बसून,
चौघं, तीन पिशव्या, आणि बाबांच्या खांद्यावर
वारा अडवायचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड,
काठ्यांसकट गुंडाळलेलं.
यास्तार्नियात ते चार दिवस जिन्याखाली उभं राहिलं
शिक्षा झालेल्या मुलासारखं, भिंतीकडे तोंड करून.

पाऊस पडत नव्हता तिथे. पाऊस राहत होता.
घरमालकीण गर्ट्रूडाबाई म्हणाल्या,
"भाडं खोलीचं द्या. पावसाचं मी घेत नाही."
आणि बीटचं सूप ढवळत राहिल्या.
त्यांच्या खिडकीत रेडिओ होता, फक्त कोळ्यांशी बोलणारा:
वारा वायव्येकडून, सहा ते सात,
दृश्यता मध्यम.

पहिल्या दिवशी आई हिशेब करत बसली:
एका रात्रीचे इतके, म्हणजे तासाचे इतके,
म्हणजे समोरचा तो ढग
आपल्याला केवढ्याला पडला.

दुसऱ्या दिवशी पत्ते निघाले.
कॅटात बदामची राणी नव्हती.
कायेतानने ती बसच्या तिकिटावर काढली,
सुपात बोट बुडवून तिचं लाल लुगडं रंगवलं,
(लुगडं कसलं, झगाच तो, पण फार घेरदार)
आणि राणी पाठमोरीही अशी ओळखू यायची
की ती कोणाच्या हातात आहे ते सगळ्यांना दिसायचं.
बाबा तरीही हरायचे.

बाबा ट्राम चालवतात.
'चालकाशी बोलू नये' ही पाटी
एकवीस वर्षं त्यांच्या डोक्यावर आहे.
ते बोलायला लागले.
एकदा शेवटच्या फेरीला एक नवरी चढली, म्हणाले,
एकटीच, बूट हातात,
आणि तिने तिकिटं काढली दोन.
आईने पत्ते खाली ठेवले. "हे मला कधी सांगितलं नाहीस."
बाबांनी बाहेर पाहिलं.
"कधी इतका पाऊसच पडला नाही."

तिसऱ्या दिवशी आम्ही लाज सोडली
आणि रेनकोट घालून समुद्रावर गेलो.
किनाऱ्यावर कुत्रं नव्हतं.
वॅफलच्या टपरीतल्या मुलीने दुप्पट क्रीम घातलं,
"नाहीतरी आंबणारच आहे," म्हणाली,
आणि क्रीमवर पाऊस पडून लहान लहान खड्डे झाले.
आम्ही ते खड्डे खाल्ले.

पाण्यात कमरेपर्यंत ऑगस्टिनआजोबा उभे होते,
गर्ट्रूडाबाईंचे दीर, जाळ्याने शेवाळ उपसत.
वादळानंतर समुद्र तृणमणी टाकतो, ते म्हणाले,
पण काचही टाकतो, आणि काच जास्त नखरे करते.
दाताला लावून बघा:
खट् वाजलं तर फेका,
गप्प राहिलं तर ठेवा.
मग आम्ही चौघं, मोठी माणसं धरून,
भर पावसात दगड चावत फिरलो.
सतरा वाजले.
एक गप्प राहिला, मसुरीएवढा.
तो आईने काडेपेटीत ठेवला आणि दिवसातून चारदा
पेटी उघडून, काही न बोलता, बंद केली.

चौथा दिवस कसा गेला ते आठवत नाही.
मोजे सुकत होते, एवढं आठवतं. आणि आई हसत होती,
कशाला, ते विचारायचं राहून गेलं.

पाचव्या दिवशी सकाळी ऊन.
सगळं गाव अर्ध्या तासात वाळूवर.
कापड जिन्याखालून सुटलं, काठ्या ठोकल्या,
बाबा वर्तमानपत्रामागे गेले,
आई तोंडावर टोपी घेऊन झोपली,
कायेतान कुठल्याशा मुलांबरोबर पळाला.
शेजारच्या कापडापलीकडे दुसरं कुटुंब,
त्यापलीकडे तिसरं; सगळे गप्प, सगळे लाल होत चाललेले.
मी कॅट आणला होता. चार डाव एकटीने मांडले.
राणीचा झगा उन्हाने तपकिरी झाला.

रात्री सूप पीत होतो. खांदे जळत होते.
गर्ट्रूडाबाईंनी रेडिओ जरा मोठा केला:
वारा वायव्येकडून, सहा ते सात.
कोणी काही बोललं नाही.
आईने टेबल पुसलं, कोपऱ्यांपर्यंत,
आणि बाबा पत्ते पिसायला लागले.